लिंबाजीमामांचा पांढरा कळप

जनावरांच्या डॉक्टरला माणसं आठवतात ती त्यांच्या जनावरांवरून. अमका म्हणजे मारक्या म्हशीवाला, तमका म्हणजे ज्याच्या खोंडाने माझं घड्याळ फोडलं तो. नावं विसरतात, आडनावं तर त्याहून आधी. लिंबाजीमामांच्या बाबतीत सगळं उलटं आहे. मामा मला नखशिखांत आठवतात, आणि त्यांची जनावरं आठवू नयेत म्हणून मला प्रयत्न करावा लागतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लातूरला मुलाकडे असतो. घरी चिकन होतं, नातवंडं ताव मारतात, मीही एखादा तुकडा घेतो. सोवळेपणा माझ्यात नाही. पण भर दुपारी एखाद्या पोल्ट्रीजवळून जायची वेळ आली की मी गाडीची काच वर करून घेतो.

घाटनांदूर आणि युसूफ वडगाव यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात माझा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, गफूर नावाचा शिपाई आणि भिंतीवर गायीच्या पोटाचा तक्ता. मी सत्तावीस वर्षांचा, नुकताच लागलेला, अंगात पदवीचा माज. त्या वर्षी पावसाळ्यातच टँकर सुरू झाले. आधीच्या उन्हाळ्यात गावातली निम्मीअधिक जनावरं बाजाराच्या वाटेने गेली होती, त्यामुळे दूध सोसायटी नुसती पाटीपुरती उरली होती. चेअरमन अप्पा मोठे हिकमती. त्यांनी त्याच संचालकांना हाताशी धरून कुक्कुटपालन सोसायटी काढली. उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, "म्हशीला वाढाया तीन वर्सं लागत्यात आन् रोज हौदभर पाणी. ह्या कोंबडीला सहा आठवडे लागत्यात आन् वाटीभर पाणी. आता सांगा, दुष्काळात काय पाळावं?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची लांबलचक शेड उभी राहिली. ती सांभाळायला कोणाला द्यायची यावर बोर्डात बरीच ओढाताण झाली आणि शेवटी ती लिंबाजीमामांच्या घराला मिळाली. मामांनी जन्मभर मेंढरं राखली होती आणि त्यांचा अख्खा कळप त्या उन्हाळ्यात विकला गेला होता, हे एक कारण. घरात तिघं जण: मामा, मुलगा अर्जुन आणि सून सुमन. अर्जुन आणि सुमन दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. तोडीला जोडी लागते, एकाने तोडायचं आणि एकाने मोळ्या बांधायच्या; एकट्या गड्याला मुकादम ट्रकमध्ये चढू देत नाही. त्या वर्षी सुमनला चौथा महिना लागलेला होता. आधीचं मूल उसाच्या फडातच गेलं होतं, पाचव्या महिन्यात. हे मला मामांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, मी काही विचारलं नसताना.

"सायेब, मला कोंबड्यांतलं काय बी कळत न्हाई," ते म्हणाले. "पर ही शेड टिकली पाह्यजे. शेड हाय तवर पोरगी घरी हाय. यंदा तिला फडात न्हाई जाऊ देणार म्या."

मामा साठीच्या पुढचे होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा ओठांवर उतरलेल्या. ऑक्टोबरच्या उन्हातही खांद्यावर घोंगडी आणि हातात स्वतःपेक्षा वीतभर उंच काठी. कोंबड्यांना काठी कशाला लागते, असं त्यांना सगळं गाव चिडवायचं. मामा चिडत नसत. शेडमध्ये शिरण्याआधी ते बाहेरच खाकरत, मग "हुर्र हुर्र" असा आवाज देत, आणि मगच ताटीचं दार ढकलत. कळपात गुपचूप शिरू नये, जनावर बुजतं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा घाईत तसाच आत घुसलो तर त्यांनी मला बाहेर आणलं आणि पुन्हा नीट खाकरून आत नेलं. पदवीधर माणूस खाकरायचं कसं हे एका मेंढपाळाकडून शिकला, आणि खोटं कशाला बोलू, पुढे जन्मभर ते माझ्या उपयोगी पडलं.

त्यांची आणखी एक रीत होती. कळप उभा असताना राखणाऱ्याने बसायचं नाही, आणि कळप बसला की मगच आपण टेकायचं. जन्मभर ते असेच जगलेले. इथे त्यांची पंचाईत झाली. ह्या कोंबड्या कायम बसलेल्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना अंगाचा भार पेलेना. भुशावर छाती टेकून बसायचं, खाद्याच्या भांड्यात तोंड घालायचं, खायचं, तिथेच मान टाकायची. मामा दुपारी काठी घेऊन शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांना हाकायचा प्रयत्न करत. दोन पावलं चालल्या की त्या बसायच्या. काहींचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, गुडघ्यावर रांगत भांड्यापर्यंत जायच्या.

"चरायला जायचं न्हाई, पाण्यावर जायचं न्हाई, कोल्ह्यापासून पळायचं न्हाई," मामा म्हणाले. "मग ह्यांना पाय दिले कावून, सायेब?"

मी तेव्हा त्यांना हाडं, कॅल्शियम, वजन असं काहीतरी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ज्यांचे पाय वाकलेले होते त्यांना उचलून भांड्याजवळ ठेवण्याचं काम मात्र ते रोज करत राहिले.

शेडमधली मला न सोसणारी गोष्ट पायांची नव्हती, आवाजाची होती. गावठी कोंबडी मोठी होते तसा तिचा आवाज बदलतो, ती कलकलते, कोंबडा आरवतो. ह्यांचं तसं नव्हतं. अंगाने दोन-दोन किलोचे ते पांढरे ढीग, आणि आवाज पहिल्या दिवसाच्या पिल्लाचा. तीन हजार मोठाली अंगं एका सुरात चिवचिवताहेत. डोळे मिटून उभं राहिलं तर वाटावं, आत मुठीएवढी पिल्लं आहेत आणि त्यांना आई सापडत नाही. डोळे उघडले की समोर ते भलं मोठं पांढरं अंथरूण. मी हे मामांना बोलून दाखवलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "तवा काय! पिल्लंच हायती ती. महिन्याभराचं लेकरू हाय सायेब ते. अंग म्होरं पळालं, जीव मागं ऱ्हायला."

हे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण मी डॉक्टर होतो.

मरतूक सुरू झाली ती पाचव्या आठवड्यात. रोज चार, रोज सहा, मग एके दिवशी अकरा. मामा मेलेली कोंबडी घोंगडीच्या पदरात घेऊन दवाखान्यात यायचे आणि टेबलावर हलक्या हाताने कुशीवर ठेवायचे. एक दिवस मीच शेडवर गेलो. मामा दाराशी डोळे मिटून उभे होते. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग आत जाऊन काठीने एक कोंबडी दाखवली. "ही आज जाईल." मला हसू आलं. शेडमधली ती सगळ्यात धडधाकट, सगळ्यात जड, तुरा लालभडक, भांड्यातून तोंड वर काढत नव्हती. मी बॅगेतलं जांभळं औषध काढून तिच्या पंखावर ठिपका दिला आणि म्हणालो, "मामा, पैज?" पैज त्यांनी घेतली नाही. दुपारी तीनच्या सुमारास घोंगडीच्या पदरातून जांभळ्या ठिपक्याची कोंबडी माझ्या टेबलावर आली. गळ्याची पिशवी दाण्याने गच्च भरलेली. म्हणजे शेवटच्या घासापर्यंत ती खात होती.

"कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"मेंढरात आधी लंगडं जातं, म्हातारं जातं. हितं आधी चांगलं जातं. जी लई चांगली दिसती ती दावली म्या." एवढं बोलून ते टेबलावरच्या कोंबडीकडे पाहत राहिले. "हे मरण उलटं हाय सायेब."

गफूर दारात उभा राहून ऐकत होता. गावात ही गोष्ट दिवे लागायच्या आत पसरली. लिंबाजी बोट दाखवतो आणि कोंबडी मरते. दुसऱ्या दिवसापासून माळावरच्या पायवाटेने जाणाऱ्या बायका लांबून वळसा घालून जाऊ लागल्या.

त्यात मी भर घातली. काही कोंबड्यांचं पोट फुगलेलं असायचं, तुरा निळसर पडलेला, श्वास घेताना मान लांबवायच्या. त्यातली एक मेली तेव्हा मी शेडसमोरच्या दगडावर तिची चिरफाड केली. बघायला आठ-दहा माणसं जमली होती. पोटाची कातडी कापली मात्र, आतून पाणी आलं. थेंब-दोन थेंब नाही. पिवळसर, स्वच्छ, तांब्याभर पाणी दगडावरून वाहत मातीत गेलं. मला त्यात नवल नव्हतं. हृदयाला अंगाचा पसारा झेपत नाही, रक्त मागे तुंबतं आणि पोटात पाणी झिरपतं, हे मी शिकलेलो होतो आणि तसं मी मोठ्याने सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. गावात सहा दिवस टँकर आला नव्हता. सोसायटीच्या शेडला मात्र अप्पांच्या वजनामुळे टँकर रोज यायचा, आणि त्याच्या नळीजवळ सांडणाऱ्या पाण्यासाठी बायका कळशा घेऊन उभ्या असायच्या. त्या लोकांसमोर कोंबडीच्या पोटातून पाणी निघालं. माती ओली झाली होती तिथे सगळे पाहत राहिले, ती ओल सुकेपर्यंत. मग एक म्हातारी पुटपुटली, "गावाचं पाणी पिऊन बसल्यात ह्या." आणि लोक एकेक करून निघून गेले.

मामांनी त्या जागेवर कोरडी माती ओढली. सुमन पाण्याची भांडी विसळत होती, तिला त्यांनी आधीच शेडच्या मागच्या बाजूला पाठवलं होतं.

सुमनबद्दल सांगायला हवं. जेमतेम वीस-एकवीसची, ठेंगणी, बोलायला धीट. खाद्य मिसळायचं, भांडी भरायची ही कामं तिची. मामांना "मामंजी, तुमी बसा की जरा" म्हणून ओरडायची आणि मामा बसायचे नाहीत. अर्जुन भुसा, टँकर, ओझी बघायचा. मेलेल्या कोंबड्या उचलण्याचं काम मात्र मामा दुसऱ्या कुणालाही करू देत नसत. सकाळी उजाडताच आणि मग दुपारी दर तासाने, ते एकटे आत जायचे, फिरून यायचे, आणि मगच सुमनला आत सोडायचे. मी ते रोज पाहत होतो आणि मला वाटायचं, म्हातारा शिस्तीचा आहे.

आता माझी चूक सांगतो. पोटात पाणी झालेल्या कोंबड्यांचं कारण मला कळत होतं. पण बाकीच्या, त्या धडधाकट, भरल्या पोटी मरणाऱ्या, त्यांचं काही कळेना. चिरफाडीत काही सापडत नव्हतं. आतडी चांगली, फुप्फुसं बऱ्यापैकी, ना ताप ना हगवण. सोसायटीने लेखी अहवाल मागितला. "कळत नाही" असं लिहायची हिंमत सत्तावीस वर्षांच्या पदवीधराकडे कुठली असणार? मी लिहिलं: "सुदृढ पक्ष्यांचा भरल्या पोटी अचानक मृत्यू, विषबाधेची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य सरकारी नोकरीत रोज लिहिलं जातं. त्याचा अर्थ 'मला माहीत नाही' एवढाच असतो. अप्पांच्या बोर्डाने त्यातला एकच शब्द वाचला. खाद्य कोण मिसळतं? सुमन. आणि कोण मरणार हे आधी कोणाला कळतं? लिंबाजीला. बोर्डाची सभा झाली, ठराव झाला: शनिवारी शेड सोडायची, दुसरं घर लावायचं. रविवारी ऊसतोडीचा ट्रक गावात येणार होता, आणि अर्जुनचं आणि सुमनचं नाव मुकादमाने आपल्या कागदावर चढवूनही घेतलं होतं. सुमनला तेव्हा सहावा महिना सुरू होता.

गुरुवारी दुपारी मी शेडवर गेलो. मामा टँकरच्या वाटेवर गेलेले, सुमन घरी, अर्जुन मुकादमाकडे. माळावर चिटपाखरू नव्हतं. मी खाकरलो, "हुर्र" म्हणालो, स्वतःशीच ओशाळलो आणि आत गेलो. पत्रा तापून कडकड वाजत होता. गारव्यासाठी जाळीवर टांगलेली, पाणी मारलेली पोती वाळून गेली होती. भर दुपारीही आत दिवे लावलेले, कारण उजेड असला की कोंबडी खाते आणि खाल्लं की वाढते. तो पांढरा ढीग चिवचिवत होता. मी एका खांबाला टेकून उभा राहिलो. काय शोधत होतो ते मला माहीत नव्हतं. माझ्या त्या अहवालाची टोचणी लागली होती, एवढं खरं.

पाच-सात मिनिटं गेली असतील. माझ्यापासून दोन हातांवर एक मोठी कोंबडी खात होती. तिने तोंड वर केलं. पिल्लू ओरडतं तशी ती एकदा बारीक ओरडली, पंख ताडताड आपटले, अंग पिळलं आणि ती उलटी झाली. पाठ भुशावर, दोन्ही पाय वर, मान मागे ताणलेली. पाय थोडे थरथरले. मग थांबले. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नाही. शेजारच्या कोंबडीने तिच्या जागेवर सरकून भांड्यात तोंड घातलं. तेवढ्यात शेडच्या पार दुसऱ्या टोकाला तशीच बारीक ओरड आली, पंखांचा आवाज झाला. मग भिंतीकडून आणखी एक. मी खांब धरून उभा होतो. माझ्या पायाजवळची कोंबडी पत्र्याकडे बघत होती. आयुष्यात हजारो मेलेली जनावरं पाहिली. इतका घाबरलो फक्त त्या दुपारी.

बाहेर कुणीतरी खाकरलं. मामा आत आले. मी खांबाआड होतो, त्यांना दिसलो नाही. ते सरळ त्या टोकाच्या कोंबडीकडे गेले, खाली वाकले आणि तिला कुशीवर केलं. पाय पोटाशी दुमडले, मान आत वळवली, अंगठ्याने पापणी मिटली. मग भिंतीकडच्या कोंबडीला तसंच केलं. मग माझ्याजवळ आले आणि मला पाहून थांबले.

"मामा," मी म्हणालो, "सगळ्या अशाच उताण्या मरतात?"

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"सगळ्या न्हाई. त्या पाण्याच्या पोटावर बसून जात्यात. पर ह्या चांगल्या चांगल्या, ह्या सगळ्या आश्याच."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं सायेब? उताणं माणूस मरतं. मेंढरू कुशीवर जातं, बैल कुशीवर जातो, कुत्रं बी कुशीवर जातं. आभाळाकडं तोंड करून गेलेलं जनावर म्या जलमात बघितलं न्हवतं. पयल्या दिशी बघितलं तवा माझंच काळीज हाललं." ते खाली वाकले आणि तिसरीलाही कुशीवर केलं. "सुमी पोटुशी हाय. तिच्या नजरंला आसलं पडू नाय म्हून ती यायच्या आत सगळ्या सरळ करत व्हतो म्या. तिला काय, कुणालाच न्हाई सांगितलं."

कॉलेजात दोन ओळींत शिकवलेलं मला आठवलं. झपाट्याने वाढणाऱ्या कोंबड्यांत, त्यातही सगळ्यात वजनदार असतील त्यांत, हृदय एकाएकी बंद पडतं. पिशवीत दाणे असतात, आणि पक्षी पाठीवर पडलेला सापडतो. ही पाठीवर पडल्याची खूणच ओळखायची खूण. चिरफाडीत काहीच सापडत नाही, म्हणून ती एक खूण. आणि ती खूण हा माणूस रोज स्वतःच्या हाताने पुसून टाकत होता, सुनेच्या पोटातल्या जिवासाठी. त्यामुळे मी विष लिहिलं. त्यामुळे शेड हातची चालली होती, आणि सून फडात चालली होती.

हे मी मामांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

"म्हंजी म्याच घालवली शेड," ते म्हणाले.

"नाही मामा. मी घालवली."

"विख न्हाई मग?"

"विष नाही. नुसती घाई. भरभर वाढवलं त्याचं हे. दिवे विझवा, दुपारी खाद्य उचलून ठेवा. हळू वाढू द्या."

त्यांनी लगेच दिवे बंद केले. उन्हाच्या वेळी खाद्याची भांडी आढ्याला दोरीने वर टांगली. शेडमध्ये अंधुक झालं आणि थोड्या वेळाने तो चिवचिवाट थांबला. तीन हजार कोंबड्या गप्प बसल्या तेव्हा मामा पहिल्यांदा माझ्यासमोर भिंतीला टेकून खाली बसले. शुक्रवारी दोनच मेल्या, आणि शनिवारी सकाळपासून एकही नाही.

शुक्रवारी सकाळी मी नवा अहवाल घेऊन अप्पांच्या घरी गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं.

"डॉक्टर, तुमचं खरं आसंल," ते म्हणाले. "पर बोर्डाला काय सांगू? कोंबड्या लवकर मोठ्या झाल्या म्हून मेल्या? आवो, लवकर मोठ्या व्हत्यात म्हून तर आणल्यात! आन् खाद्य कमी करा म्हंता, मग वजन भरायचं कवा? गाडी तर ठरल्या दिशी येनार."

"निदान त्या पोरीवरचा आळ तरी काढा. विषाचा शब्द मी मागे घेतोय."

"प्रोसिडिंग लिवून झालंय, डॉक्टर. सह्या झाल्यात. आता त्यात खाडाखोड केली तर उद्या माझ्यावरच शेकायचं. म्होरल्या सभेत घेऊ आपण ह्यो विषय." चहा आला. मी घेतला नाही, एवढाच माझा पराक्रम.

शनिवारी दुपारी दुसऱ्या घराने शेड ताब्यात घेतली. मी दवाखान्याच्या ओट्यावरून पाहत होतो. तासाभरात माळावर दिवे लागले. भर उन्हात ते दिवे पिवळे दिसत होते.

रविवारी बाराच्या सुमारास ट्रक आला. चावडीसमोर पंधरा-वीस जोड्या, गाठोडी, पातेली, शेळ्या, कोंडाळं करून बसलेली पोरं. शिरूर कासारकडून आधीच भरून आलेली माणसं वर बसली होती. मी नवा अहवाल खिशात घालून गेलो होतो. तो कोणाला दाखवणार होतो, देव जाणे. सुमन कुठे दिसली नाही. मग तिच्या घराकडून आवाज आला. दाराला बाहेरून कडी होती आणि ती आतून दार बडवत होती. "मामंजी! दार उघडा! मामंजी, तुमाला न्हाई जमायचं!" शेजारच्या बायका ओट्यावर बसून होत्या. कुणी उठून कडी काढली नाही. त्यांना कोणीतरी तसं सांगून ठेवलेलं असणार.

मामा ट्रकमध्ये होते. घोंगडी खांद्यावर होती, पण काठी नव्हती. हातात सुमनचा कोयता होता. अर्जुन त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मी फळीला धरून वर पाहिलं आणि म्हणालो, "मामा, माझी चूक झाली." चारचौघांत म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी मेल्यावर बघता सायेब," ते म्हणाले. "तुमचा धंदाच त्यो. पोरीचे दिवस भरस्तवर तिच्याकडं जरा जित्तं आसतानाच बघा."

मुकादम खालून नावं वाचत आला. जाडजूड, घामाघूम, कपाळावर आठ्या. एकेक नाव घ्यायचा, वरून "हाय" यायचं, तो कागदावर खूण करायचा. जोडी पुरी नसेल तर दोघांनाही उतरवायचं, हा त्याचा नियम होता आणि तो त्याने सकाळीच एका जोडीवर चालवून दाखवला होता.

"अर्जुन?"

"हाय."

"सुमन?"

गावाकडून दार बडवल्याचा आवाज येत होता. मुकादमाने मान वर केली.

"हाय," लिंबाजीमामा म्हणाले.

कुणी हसलं नाही. मुकादमाने त्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, हातातल्या कोयत्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग त्याने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.